साथांक शून्य

कॅनडा सरकारने माझा काडीमोड करून टाकला. तोही मला न विचारता, मंगळवारी सकाळी, मी पोहे परतत असताना.

हल्ली कागदी पत्र येत नाही, भिंतीवरचा चंदू बोलतो. चंदू म्हणजे आमचं घरातलं यंत्र. दिवे लावणं, हीटर कमीजास्त करणं, दूध संपलं की मागवणं, आलेले निरोप वाचून दाखवणं ही त्याची कामं. कंपनीने त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, आम्ही त्याचा चंदू केला. तर चंदू म्हणाला, "वृषालीताई, कर खात्याकडून फेरआकारणीची नोटीस आलीय. वाचू?"

"वाच की. परवानगी कसली मागतोस!"

"'आपली वैवाहिक स्थिती विवाहित अशी होती, ती बदलून विभक्त अशी नोंदवण्यात आली आहे. त्यानुसार आपला आणि श्री. शशिकांत बोरगावे यांचा कर नव्याने मोजला असून दोघांनाही परतावा मिळेल.' अभिनंदन, वृषालीताई."

अभिनंदन म्हणे! मी उलथनं हातात धरून तशीच उभी. त्याला परत वाचायला लावलं, त्याने परत वाचलं, अभिनंदनासकट. तोवर पोहे खाली लागले.

आता हे खरं आहे की मी आणि आमचे हे, सव्वा वर्ष एकमेकांशी बोललेलो नाही. पण अबोला म्हणजे वेगळं होणं का? अबोला धरायलासुद्धा हक्काचा नवरा लागतो! परक्या माणसाशी कोणी अबोला धरतं?

झालं होतं असं, की इथल्या, म्हणजे रिजायनाच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला मी उभी होते. समोर विदुला सामंत. मी एका मताने पडले. एका! आणि परत येताना गाडीत, बर्फातून, हा माणूस शांतपणे म्हणतो, "मी विदुलाला मत दिलं." गुप्त मतदान होतं हो, गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी दार आपटून घरात शिरले ती गप्पच झाले. मग तेही हट्टाला पेटले. ते तळघरातल्या खोलीत, मी वर. मधे चंदू. "चंदू, त्यांना सांग, आमटी गार होतेय." "चंदू, तिला सांग, रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्यात." बिचारा चंदू दोन्हीकडचे निरोप पोचवायचा. बाकी घर व्यवस्थित चाललं होतं. आमच्याकडे सांगलीला माझ्या काकूने काकांशी याहून जास्त काळ अबोला धरला होता, आणि तेवढ्यात दोन मुलींची लग्नंही उरकली होती.

पण हे कर खात्याच्या यंत्राला कोण सांगणार?

ते यंत्र काय आहे हे नीट सांगायला हवं. मी सांगलीत बारावीला फिजिक्स शिकवायचे, इथेही बरीच वर्षं बदली शिक्षिका होते, त्यामुळे समजावून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

घरातली प्रत्येक वस्तू वीज आपापल्या ढंगाने ओढते. मिक्सर सुरू होताना एक झटका घेतो, किटली सरळ चढते आणि सरळ उतरते, फ्रिज मधूनच कण्हतो. बाहेरचा मीटर हे चढउतार सेकंदाला हजारो वेळा टिपतो, आणि त्यावरून कुठली वस्तू कधी चालली हे ओळखता येतं. पाण्याच्या पाइपातल्या दाबावरून कुठला नळ उघडला तेही कळतं. एवढं तर फार पूर्वीपासून जमत होतं. पुढची उडी अशी की, एका छताखाली राहणाऱ्या माणसांच्या दिवसांना एक ताल असतो, हे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं. लंबकाची दोन घड्याळं एकाच लाकडी पट्टीवर टांगा. पट्टीतून एकमेकांचे बारीक हादरे पोचत राहतात आणि थोड्या वेळाने दोन्ही लंबक एका तालात येतात. नवराबायकोचंही तसंच. चहा, आंघोळ, दिवा मालवणं, सगळं हळूहळू जुळत जातं. संसार मोडला की ताल सुटतो. किती ताल जुळलाय त्याचा शंभरपैकी आकडा म्हणजे साथांक.

कर खात्याला याच्याशी काय करायचंय? तर इथे कर जोडप्याच्या मिळकतीकडे बघून ठरतो, आणि म्हातारपणी एकट्या माणसाला सरकार जोडप्यातल्या माणसापेक्षा जास्त आधार देतं. मग काही हुशार मंडळी एका पलंगावर झोपून कागदावर विभक्त व्हायला लागली. त्यावर सरकारने कायदा केला, की वैवाहिक स्थिती तुम्ही सांगायची नाही, मीटर सांगेल. हल्ली रिटर्न भरायचं नसतं, ते भरूनच येतं. आपण फक्त मान डोलवायची.

आमचा साथांक आला शून्य. शून्य! निदान पाच-दहा तरी द्यायचे.

मुलीला, ऋतुजाला, कॅलगरीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, मग प्रॉब्लेम काय आहे? पैसे मिळतायत ना? घे गुपचूप."

"अगं, मला विभक्त ठरवलंय!"

"कागदावर गं."

"लग्न तरी कशावर होतं? कागदावरच ना!"

"आई, परतावा नको म्हणून हरकत घेणारी तू जगातली पहिली बाई असशील."

"असेन. कोणीतरी पहिलं असावंच लागतं," म्हणून मी फोन ठेवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण खरं सांगू? अंगात असा काही जोर आला होता की बस्स. कितीतरी दिवसांत मला कोणाशी कडकडून भांडायला मिळालं नव्हतं.

हरकत अर्ज मी दुपारपर्यंत लिहून काढला. आणि शेवटच्या ओळीवर अडकले. वैवाहिक स्थितीवरची हरकत एकट्याने घेता येत नाही, दोघांच्याही सह्या लागतात.

इथे ह्यांची एक पद्धत सांगायला हवी. हे धान्य कंपनीत हिशोब खात्यात होते, आणि रिटर्न हाताने भरायच्या काळात अर्ध्या मंडळाची रिटर्न एप्रिलात आमच्या डायनिंग टेबलावर भरली जायची. त्यांचा नियम असा, की जी नोटीस पटत नाही ती छापून फ्रिजवर चुंबकाने लावायची, भांडून संपेपर्यंत काढायची नाही. जी पटली ती छापून फायलीत. मी दोन दिवस फ्रिजकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी ते फिरायला गेले तेव्हा तळघरात जाऊन फाईल उघडली. सगळ्यात वर आमची नोटीस होती. भोकं पाडून, नीट ओवून.

फ्रिजवर नाही, फायलीत. म्हणजे पटली!

मी पायरीवर बसले. अबोला माझा होता, रागही माझा होता, पण हा माणूस खरोखरच माझ्यातून निघून गेला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. विचारावं तर पहिला शब्द माझा होणार. आणि समजा मी तोंड उघडलं आणि ते म्हणाले, "हो, बरोबरच आहे ते," मग? रडू आलं मला. चंदूने विचारलं, "वृषालीताई, काही हवंय का?" त्याला म्हटलं, तू गप्प बस.

पण मी गप्प बसणारी बाई नाही. ज्या आकड्यांवरून शून्य काढलं ते आकडे बघायचा हक्क करदात्याला आहे. मी ते मागवले. रविवारी सकाळी सव्वा वर्षाचा आमचा संसार भिंतीवर दोन रेघांनी उमटला. निळी रेघ त्यांची, लाल माझी. जो खोलीत असेल त्याची रेघ वर. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना, दिवाणखाना, सगळं. यंत्राने शेरा मारला होता, "दोन्ही व्यक्ती एकाच वेळी एका खोलीत: कधीही नाही. परस्परसंबंध नाही."

मी चहा घेऊन बघत बसले. लाल वर असली की निळी खाली. निळी वर चढली की लाल खाली. महिना बदलला, बर्फ वितळून पुन्हा पडला, मला फ्लू झाला, पाहुणे येऊन गेले, तरी तेच. एकदाही रेघा वर भिडल्या नाहीत. एकदाही!

आणि मी ताडकन उठले, चहा सांडला तिकडे लक्षही गेलं नाही. अरे, परस्परसंबंध नाही? गाढवांनो, एका स्वयंपाकघरात दोन अनोळखी भाडेकरू ठेवा. त्यांना एकमेकांची पर्वा नसेल तर ते आठवड्यातून पाचसात वेळा तरी फ्रिजच्या दारात धडकतीलच. योगायोगाने धडकतील! ज्यांचा खरंच संबंध नाही त्यांच्या रेघा मधूनमधून भिडायलाच हव्यात. कधीच न भिडणं हे योगायोगाने होत नाही. त्यासाठी समोरचा या क्षणी कुठे आहे, किती वेळ आहे, आता कुठे वळणार आहे, हे सारखं माहीत असावं लागतं. मला ते माहीत होतं. त्यांच्या खोकल्यावरून, चपलेच्या आवाजावरून. आणि त्यांनाही माझं माहीत होतं, नाहीतर ह्या रेघा अशा आल्याच नसत्या!

मी बारावीच्या पोरांना दरवर्षी शिकवलेली गोष्ट मीच विसरले होते. एका पट्टीवरची ती दोन घड्याळं तालात येतात, पण बहुतेक वेळा त्यांचे लंबक एका बाजूला झुलत नाहीत. एक डावीकडे तर दुसरा उजवीकडे, बरोबर विरुद्ध. तोही तालच, आणि पक्का. यंत्र बनवणाऱ्यांनी फक्त एका बाजूचा ताल मोजला होता, उलट्या तालाला सरळ शून्य. अबोला धरणारी माणसं त्यांनी पाहिलीच नव्हती!

मग मी किटलीची रेघ वेगळी काढली. रोज सकाळी मी स्वयंपाकघरात जायच्या आधी हे चहा करून खाली जायचे, आणि मला किटलीत पाणी गरमच मिळायचं. मला वाटायचं, उरलेलं असेल. रेघेच्या लांबीवरून यंत्राने स्वच्छ लिहिलं होतं, "दोन कप पाणी." रोज दोन कप. एकटा माणूस दोन कप कशाला उकळेल?

मी मोठ्याने हसले. मग फाईल आठवली आणि हसू थांबलं. पाणी उकळणं ही सवयही असू शकते. सही म्हणजे सही.

दुसरी सही सुनावणीच्या दिवसापर्यंत चालत होती, म्हणून सुनावणीची तारीख आली. दोघांना बोलावलं होतं. ह्यांनी गाडी काढली, मी शेजारी बसले, आणि कर खात्याच्या दारापर्यंत आम्ही अवाक्षर काढलं नाही. अर्जावर माझी सही होती, त्यांची जागा कोरी. चंदूतर्फे मी तीनदा निरोप पाठवला होता, "त्यांना सांग, अर्ज टेबलावर आहे." तीनदा उत्तर आलं, "तिला सांग, पाहिला."

अधिकारी होती कोवालचुक नावाची, आमच्या ऋतुजाच्या वयाची, चेहऱ्याने गोड आणि बोलायला कडक. टेबलावर एक चपटं यंत्र होतं, कुणी कुठल्याही भाषेत बोललं की ते तिच्या कानात इंग्रजी सांगायचं.

मी रेघा दाखवल्या. भाडेकरू, लंबक, सगळं समजावलं. बोलताना मी उभी कधी राहिले मला कळलंच नाही, वर्गात असायचे तशी! कोवालचुक आधी नुसती मान हलवत होती, मग पुढे वाकली, मग म्हणाली, "थांबा. म्हणजे फक्त चिन्ह उलटं करून पाहायचं?"

"फक्त चिन्ह उलटं करा आणि गणित परत चालवा."

तिने तसं केलं. यंत्राने एक क्षण घेतला. पडद्यावर शून्याच्या जागी सत्त्याण्णव आले.

"अरे देवा," ती म्हणाली, "माझा आणि माझ्या नवऱ्याचा एकसष्ट आहे." आणि जीभ चावली.

मी जिंकले होते! टाळी द्यायला हात पुढे करणार होते, पण द्यायची कोणाला? ते खिडकीबाहेर बघत होते.

"मिसेस बोरगावे, हे मी वरिष्ठांकडे पाठवणारच आहे," कोवालचुक म्हणाली. "यंत्र सुधारावं लागेल. पण तुमच्या नोटिशीपुरतं कायद्याने मला दुसरी सही लागते. माणसाचं म्हणणं आकड्याच्या वर असतं." ती त्यांच्याकडे वळली. "मिस्टर बोरगावे, तुम्ही विभक्त आहात हे तुम्हाला मान्य आहे का?"

ते पाय हलवत राहिले. मग इंग्रजीत म्हणाले, "नोटिशीतली रक्कम मी तपासली. बरोबर आहे."

माझा ताबा सुटला. सव्वा वर्ष दाबून ठेवलेलं तोंड फुटलं, सरळ त्यांच्या तोंडावर, मराठीत. "रक्कम? अहो, रक्कम कोण विचारतंय तुम्हाला? सत्त्याण्णव आलेत, दिसत नाही का? फायलीत लावून टाकलीत नोटीस! भोकं पाडून! लाज नाही वाटली?"

"तू फाईल उघडलीस?" ते माझ्याकडे वळले.

"उघडली! बायको आहे मी!"

"मग मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं की! तीनदा!"

"चंदूला विचारलंस. सरकारला विचारलंस. ऋतुजाला फोन केलास, तिने मला सांगितलं. मला विचारलंस?" त्यांचा आवाज चढला, हा माणूस आवाज चढवत नाही कधी. "सव्वा वर्ष तू बोलली नाहीस. मी एकदा खरं बोललो, त्याची एवढी शिक्षा! वरून सरकारचं पत्र आलं की तुम्ही वेगळे झालात. मला वाटलं, तुला हेच हवं असेल; अर्ज पाहिला तेव्हाही वाटलं, तुला फक्त सरकारशी भांडायचंय. तुला सुटायचं असेल तर मी का फ्रिजवर लावून भांडत बसू? कोणाशी भांडू? तुझ्याशी?"

मी उभीच होते. बसले.

"मला सुटायचंय असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी सांगितलं नाही. कोणी बोलतच नव्हतं."

"मी पण मत देऊ नका म्हणाले नव्हते..." मी काहीतरीच बोलायला लागले.

"तू भांडकुदळ आहेस, वृषाली. अध्यक्षाला ऐकून घ्यावं लागतं. मंडळ दोन महिन्यांत मोडलं असतं. म्हणून दिलं मी विदुलाला."

"असेन मी भांडकुदळ! मग घरी आल्यावर भांडायचं होतं ना माझ्याशी! मी वर वाट बघत बसले होते, तुम्ही उशी घेऊन खाली!"

कोवालचुकच्या कानातलं यंत्र बहुतेक धापा टाकत होतं. ती एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मी बाहेर थांबू का?"

"नाही!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

ह्यांच्या कपाळाला घाम आला होता. केस किती पांढरे झाले होते, मला दिसलेच नव्हते, मी नेहमी पाठच बघत होते ना. माझं काळीज धडधडायला लागलं, लग्नाआधी कांदेपोह्याला बसले होते तेव्हासुद्धा एवढं धडधडलं नव्हतं. विचारायचं होतं ते एकच वाक्य होतं, आणि त्याचं उत्तर नाही आलं तर मला पुढे काय करायचं तेही माहीत नव्हतं.

"अहो," मी म्हटलं. "विचारते. आपण नवराबायको आहोत का?"

त्यांनी पडद्यावरचे सत्त्याण्णव परत एकदा पाहिले. हिशोबाच्या माणसाला सगळंच एकदा तपासून बघावं लागतं. मग म्हणाले, "मी तर कधी नाही म्हटलं नव्हतं," आणि कोवालचुककडे हात पुढे केला, पेनासाठी.

तिने पेन लगेच दिलं नाही. तिचं काम होतं ते. "सही झाली की परतावा रद्द होईल. दोघांचाही. आणि एकट्या माणसाला मिळतो तो जादा आधार, तोही मिळणार नाही. ह्याच वर्षी नव्हे, दरवर्षी. समजलंय ना?"

"दरवर्षी?" ह्यांनी विचारलं.

"दरवर्षी."

ह्यांचे ओठ हलले. मनातल्या मनात गुणाकार करतात तेव्हा हलतात तसे. गुणाकार संपला, त्यांनी पेन घेतलं आणि कोऱ्या जागेवर सही केली, पूर्ण नाव, खाली दोन ठिपके.

मग चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं.

"महाग पडलीस," ते म्हणाले.

"पडणारच," मी म्हटलं. "फेडा आता जन्मभर."